धुळीची पिशवी

1901 सालची गोष्ट. लंडन शहरांतील व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका उपाहारगृहांत तीस वर्षांचा एक एंजिनिअर बसला होता. एकाएकीं त्यानें खिशांतून हातरुमाल काढला, मखमलीनें मढविलेल्या खुर्चीच्या पाठीवर तो पसरला, त्यावर ओठ टेकले आणि छातींत मावेल तेवढा श्वास जोरानें आंत ओढला. तत्क्षणीं त्याला ठसका लागला आणि जीव घुसमटून गेला. आजूबाजूच्या मंडळींनीं त्याच्या डोक्याविषयीं काय तर्क केले असतील तें सांगावयास नको. परंतु ठसका ओसरल्यावर त्यानें रुमाल उलटून पाहिला, तों कापडाच्या खालच्या अंगाला काळ्या धुळीचा डाग उमटलेला. जें उत्तर त्याला पाहिजे होतें, तें त्या डागांत होतें.

ह्यूबर्ट सेसिल बूथ हें त्याचें नांव. पूल बांधणें आणि प्रचंड आकाशपाळणे उभारणें हा त्याचा व्यवसाय. व्हिएन्ना शहरांत 1897 सालीं उभ्या राहिलेल्या सुप्रसिद्ध आकाशपाळण्याच्या कामांतहि त्याचा हात होता. उपाहारगृहांतील प्रसंगाच्या थोडे दिवस आधीं लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्यें एका अमेरिकन संशोधकानें धूळ काढण्याचें नवें यंत्र दाखविलें होतें. त्या यंत्रांतून दाबलेली हवा गालिच्यावर जोरानें सुटे, धूळ उडे, आणि उडालेली धूळ पेटींत जाऊन पडावी अशी अपेक्षा असे. अपेक्षेप्रमाणें वागण्याची धुळीला संवय नसते. बरीचशी धूळ पुन्हां गालिच्यावरच येऊन बसे. हवा फुंकण्याऐवजीं ओढून कां घेत नाहीं, असें बूथनें विचारलें, तेव्हां तें शक्य नाहीं असें उत्तर त्याला मिळालें. रुमालाचा प्रयोग ही त्या उत्तराची परीक्षा होती.

या रुमालाकडे थोडें लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. त्यानें एकाच वेळीं दोन कामें केलीं: हवेला वाट दिली आणि धुळीची वाट अडविली. पुढें जगांत जेवढे व्हॅक्युम क्लीनर झाले, त्यांतील बहुतेकांच्या पोटांत हाच रुमाल पिशवीच्या किंवा गाळणीच्या रूपानें जाऊन बसला. आणि या यंत्राला जे आजार होतात, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळहि त्या रुमालांतच आहे. जें कापड धूळ अडवितें, तें अडविलेल्या धुळीनेंच बुजत जातें; तें बुजलें म्हणजे हवेचीहि वाट बंद होते, आणि हवा थांबली कीं यंत्र नांवापुरतें उरतें. मोटार, नळी, चाकें यांत गेल्या सव्वाशें वर्षांत सुधारणा पुष्कळ झाल्या, परंतु कर्त्या लोकांची खरी झटापट चालली ती या एका अडचणीशीं.

हें यंत्र इंग्लंड-अमेरिकेंत जन्मास आलें याचें कारण तेथील घरांची जमीन. थंड मुलुखांत घरांतील जमीन उघडी ठेवीत नाहींत. तिच्यावर जाड लोकरी गालिचे अंथरतात, आणि कित्येक घरांतून ते भिंतीपर्यंत ताणून खिळ्यांनीं ठोकून टाकीत. अशा गालिच्यावर झाडू फिरविला तर वरचा कचरा निघतो, पण बारीक धूळ उडून पडद्यांवर, खुर्च्यांवर आणि माणसांच्या छातींत जाते. म्हणून वर्षांतून एकदोनदां, विशेषतः वसंतऋतूंत, गालिचे उचलून अंगणांतील दोरीवर टाकावयाचे आणि वेताच्या पंज्यानें बडवावयाचे, अशी वहिवाट होती. हें बडविण्याचें काम घरांतील पुरुष, वाढत्या वयाचीं मुलें किंवा गडीमाणसें यांच्याकडे असे. हा तपशील पुढें उपयोगी पडणार आहे.

अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, ग्रँड रॅपिड्स या गांवीं, मेल्व्हिल बिसेल आणि त्याची पत्नी ॲना यांचें चिनी मातीच्या भांड्यांचें दुकान होतें. भांडीं लाकडाच्या भुशांत बांधून येत आणि तो भुसा गालिच्यांत रुतून बसे. या त्रासाला कंटाळून बिसेलनें फिरत्या कुंचल्याची, चाकांवर ढकलावयाची एक पेटी तयार केली आणि 1876 सालीं तिचें पेटंट घेतलें. 1889 सालीं तो वारल्यावर ॲना बिसेलनें कारखाना स्वतः चालविला, आणि नवऱ्याहून अधिक मोठा करून दाखविला. परंतु या पेटींत हवेचें काम कांहींच नव्हतें. हवेचा उपयोग करण्याची कल्पना शिकागोच्या आइव्ह्ज मॅकगफीला 1869 सालींच सुचली होती. मात्र त्याच्या यंत्राचा पंखा हातानें फिरवावा लागे, आणि एका हातानें पंखा फिरवीत दुसऱ्यानें यंत्र ढकलण्याची कसरत सर्वांना साधणारी नव्हती. पुढें भात्यावर चालणारीं यंत्रेंहि निघालीं. त्यांपैकीं कांहींना दोन माणसें लागत, एक भाता हलविण्यास आणि दुसरें नळी फिरविण्यास. याच अवधींत धुळीकडे पाहण्याची दृष्टि पालटली. 1882 सालीं रॉबर्ट कॉखनें क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, आणि तोंवर नुसती गलिच्छ वाटणारी धूळ आतां भयावह वाटूं लागली.

बूथच्या पेटंटाची तारीख 30 ऑगस्ट 1901 ही आहे. 'व्हॅक्युम क्लीनर' हें नांवहि त्यानेंच रूढ केलें. त्याचें पहिलें यंत्र घरांत आणण्यासारखें मुळींच नव्हतें. घोड्यांनीं ओढावयाची तांबडी गाडी, तीवर पेट्रोलचें एंजिन, एंजिनावर चालणारा पंप आणि धूळ अडविणारी कापडाची गाळणी, असा तो सारा पसारा. गाडी रस्त्यावर उभी राही, गणवेषांतील नोकर लांबलचक नळ्या खिडक्यांतून आंत नेत, आणि दिवाणखान्यांतील गालिचे, पडदे, गाद्या जागच्या जागीं साफ होत. एंजिनाचा आवाज असा होई कीं रस्त्यावरील घोडे बुजत. त्यावरून तक्रारी झाल्या, फिर्यादी झाल्या. लोकांनीं या धुडाला 'पफिंग बिली' हें एका जुन्या आगगाडीच्या एंजिनाचें नांव ठेवलें.

श्रीमंत स्त्रियांनीं मात्र या धुडाचा उत्सव केला. यंत्र येण्याच्या दिवशीं त्या मैत्रिणींना चहाला बोलावीत. नळीचा कांहीं भाग पारदर्शक ठेवलेला असे, म्हणजे धूळ धांवत जातांना पाहुण्यांना बसल्या जागीं पाहतां यावी. आपल्या घरांत किती घाण होती हें चारचौघींना दाखविण्यांत भूषण वाटावें, असा तो चमत्कारिक काळ होता! 1902 सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचा बूथच्या यंत्रानें साफ करण्यांत आला. ही वार्ता राजाराणीच्या कानीं गेली, त्यांनीं यंत्राचा प्रयोग पाहिला आणि बकिंगहॅम व विंडसर येथील राजवाड्यांसाठीं यंत्रें घेतलीं. पहिल्या महायुद्धांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें आरमाराच्या लोकांची छावणी होती. तेथें मेंदूज्वराची सांथ पसरली, तेव्हां बूथचीं 15 यंत्रें तेथें नेण्यांत आलीं आणि त्या इमारतींतून 26 टन धूळ निघाल्याची नोंद आहे. सांथ ओसरली. ती धूळ गेल्यामुळेंच ओसरली असें आजचा वैद्य छातीठोकपणें म्हणणार नाहीं, परंतु 26 टनांच्या आंकड्यानें यंत्राची कीर्ति झाली.

येथें 'व्हॅक्युम' या शब्दानें रूढ झालेला एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्र धूळ ओढतें असें म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः यंत्रांतील पंखा किंवा पंप आंतली हवा मागें फेकतो, त्यामुळें आंतला दाब उतरतो, आणि बाहेरची हवा स्वतःच्या भारानें नळींत घुसते. घुसतांना वाटेंतील धुळीला ती बरोबर घेऊन जाते. बाहेरच्या हवेचा हा भार थोडाथोडका नाहीं. दर चौरस सेंटिमीटरवर तो सुमारें एक किलोग्रॅम असतो. सतराव्या शतकांत जर्मनींतील ओटो फॉन गेरिकनें धातूचे दोन अर्धगोल जोडून त्यांतील हवा उपसली, तेव्हां घोडे जुंपूनहि ते विलग होईनात. घरगुती यंत्र हा भार फार तर पांचव्या हिश्श्यानें कमी करूं शकतें. म्हणजे 'निर्वात' हें बिरुद जरा फुगविलेलेंच आहे. खरें काम वाहत्या हवेचें. चालू यंत्राच्या नळीचें तोंड तळहातानें पूर्ण बंद केलें तर तळवा घट्ट चिकटून बसतो, दाबांतील फरक त्या वेळीं सर्वांत अधिक असतो, परंतु धुळीचा एक कणहि हलत नाहीं, कारण हवा वाहतच नाहीं. तळवा चिकटला म्हणून यंत्र ठाकठीक आहे, असें जे मानतात ते फसतात.

बूथच्या गाडीची देखभाल हा घरवाल्यांचा विषय नव्हता. गाळणी झाडणें, पंपाला तेल देणें, नळींत अडकलेला बोळा काढणें, हें सर्व त्या गणवेषांतील नोकरांनीं पाहावयाचें. यंत्र घरांत आलें आणि त्याच्याबरोबर त्याची शुश्रूषाहि घरांत आली, ती एका दमेकऱ्याच्या हातून.

अमेरिकेच्या ओहायो राज्यांत कँटन नांवाचें गांव आहे. तेथील एका मोठ्या दुकानांत जेम्स मरे स्पँगलर हा गृहस्थ झाडलोटीचें काम करीत असे. वय साठीच्या घरांत आलेलें, छातीला दम्याचा विकार, आणि रोज रात्रीं गालिच्यांवरून फिरवावयाची पेटी जी धूळ उडवी ती सरळ त्याच्या नाकातोंडांत जाई. पोट जाळावयाचें तर काम सोडतां येत नव्हतें. 1907 सालीं त्यानें साबणाची एक पेटी घेतली, तींत पंख्याची विजेची मोटार बसविली, पुढें फिरता कुंचला जोडला, मागें झाडूचा दांडा लावला, आणि मोटारीनें फेकलेली हवा ज्यांतून गाळून बाहेर पडावी अशी उशीची एक खोळ बांधली. बूथचा हातरुमाल येथें उशीची खोळ झाला. स्पँगलरला पेटंट मिळालें तें 2 जून 1908 रोजीं.

यंत्रें घडविण्यास त्याच्यापाशीं पैसा नव्हता. त्याचें एक यंत्र सुसान हूव्हर नांवाच्या बाईंच्या घरीं गेलें. त्यांना तें पसंत पडलें. त्यांचे पति विल्यम हूव्हर जवळच्याच गांवीं घोड्यांचीं खोगिरें आणि चामड्याचें सामान बनवीत, आणि मोटारगाड्या निघाल्यामुळें हा धंदा फार दिवस टिकणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें होतें. त्यांनीं स्पँगलरचें पेटंट घेतलें आणि त्यालाहि आपल्या कामांत सामील करून घेतलें. 1908 सालच्या डिसेंबरांत एका लोकप्रिय साप्ताहिकांत हूव्हरनीं जाहिरात दिली कीं, यंत्र दहा दिवस घरीं फुकट वापरून पाहावें. त्या वेळीं अमेरिकेंतहि दहांतल्या एका घरांत वीज असली तर असे, आणि जेथें होती तेथें भिंतींत वेगळी खुंटी नसल्यानें यंत्राची तार दिव्याच्या जागीं जोडावी लागे! स्पँगलर 1915 सालीं वारला. हूव्हरचें नांव इतकें चाललें कीं इंग्रजी भाषेंत, विशेषतः इंग्लंडांत, 'हूव्हर करणें' असें क्रियापदच होऊन बसलें. स्पँगलरच्या नांवाचें क्रियापद कोणी केलें नाहीं.

त्याच्या यंत्राची रचना समजून घेतली तर त्याचीं दुखणीं आपोआप समजतात. या उभ्या यंत्रांत कुंचल्यानें उचललेली धूळ आधीं पंख्यांतून जाते आणि मग पिशवींत पडते. म्हणून गालिच्यांत राहिलेली टांचणी, नाणें किंवा खडा सरळ पंख्याच्या पात्यावर आदळतो; पातें एकदां टवकलें कीं यंत्र थरथरूं लागतें. कुंचला फिरतो तो रबरी पट्ट्यावर. रबर कालांतरानें सैल पडतें. मोटार फिरते, आवाज होतो, पण कुंचला स्वस्थ उभा असतो, आणि घरांतील माणसें महिनोन्‌महिने नुसता आवाज गालिच्यावर फिरवीत राहतात. लांब केस आणि दोरे कुंचल्याच्या दोन्ही टोंकांना गुंडाळून बसतात. ते कात्रीनें कापून काढले नाहींत तर तेथील बेअरिंग तापतें. 1926 सालीं हूव्हरच्या कारखान्यानें कुंचल्याला धातूच्या पट्ट्या बसविल्या. त्या गालिचा हलकेच बडवीत. अंगणांतील वेताचा पंजा अशा रीतीनें यंत्राच्या पोटांत आला.

1921 सालीं स्वीडनमधील इलेक्ट्रोलक्स कंपनीनें दुसऱ्या घाटाचें यंत्र काढलें: जमिनीवर घसरणारें आडवें नळकांडें आणि त्याला लांब लवचीक नळी. येथें धूळ आधीं पिशवींत अडते आणि गाळलेली हवा मग पंख्याकडे जाते. पात्यांचें दुखणें गेलें, परंतु नवें उपजलें. अशा बहुतेक यंत्रांत जी हवा धूळ घेऊन येते तीच पुढें मोटारीवरून जाऊन तिला थंड ठेवते. पिशवी भरली किंवा नळींत मोजा अडकला तर यंत्राचा आवाज एकदम चढतो. ऐकणाऱ्याला वाटतें, मोटारीवर ताण पडला. खरी गोष्ट उलट आहे. पंख्याला फेकावयास हवाच उरलेली नसते, त्याचा भार हलका होतो आणि म्हणून तो अधिक वेगानें फिरूं लागतो. भार हलका, तरीहि मोटार तापत जाते, कारण तिला वारा घालणारी हवाच बंद झालेली असते. पुढच्या काळांतील यंत्रांत अशा वेळीं वीज आपोआप तोडणारी कळ बसविलेली असते. यंत्र मध्येंच बंद पडलें आणि अर्ध्या तासानें पुन्हां सुरू झालें, तर तें बिघडलें नसून वाट मोकळी करण्याची विनवणी करीत आहे असें समजावें.

'पूर्वीसारखें ओढत नाहीं' ही या यंत्राविषयींची नेहमींची तक्रार. दोष मोटारीला दिला जातो आणि जाणता कारागीर मोटारीकडे सर्वांत शेवटीं पाहतो. आधीं तो वीज तोडतो, पिशवी काढतो, गाळणी झटकतो. नळी सरळ धरून तींतून एखादें नाणें सोडतो आणि तें दुसऱ्या टोंकानें बाहेर पडतें कीं नाहीं तें पाहतो. मग झांकणाच्या कडेचें रबर चिरलें आहे काय तें बोटानें चांचपतो, कारण तेथून चोरवाटेनें हवा आंत शिरली तर नळीच्या तोंडाशीं जोर उरत नाहीं. इतकें निर्दोष निघालें तरच मोटारीची पाळी. तींतहि बहुधा झिजलेले असतात ते कोळशाचे दोन लहान ठोकळे, जे मोटारीच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोंचवितात. ठिणग्या आणि जळका वास ही त्यांची खूण.

पिशवीविषयीं एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. नवी कोरी पिशवी धूळ तितकीशी चांगली अडवीत नाहीं. आंतून धुळीचा पातळ थर बसला म्हणजे तो थरच गाळणीचें काम अधिक बारकाईनें करूं लागतो. परंतु थर वाढला कीं हवा अडते. पिशवी चांगली गाळूं लागते तसतसें यंत्र अधू होत जातें, अशी ही विचित्र सोयरीक आहे. म्हणून पिशवी अर्धी रिकामी असतांहि यंत्र निकामी झालेलें असूं शकतें. पोट भरलेलें नसतें, श्वासाचीं छिद्रें बुजलेलीं असतात.

विक्रेते घरोघर फिरत, गालिच्यावर मुद्दाम माती सांडीत आणि यंत्रानें ती नाहींशी करून दाखवीत. जाहिरातींचें वचन असें कीं गृहिणीचे श्रम वांचतील. या वचनाचा हिशेब अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनीं 1983 सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला, आणि तो विचार करावयास लावणारा आहे. गालिचे बडविण्याचें काम वर्षांतून एकदोनदां निघे आणि त्यांत नवरा, मुलें, गडी यांचे हात लागत. यंत्र आल्यावर काम सोपें झालें, म्हणून तें एकट्या बाईचें झालें; आणि सोपें झालें म्हणून दर आठवड्याला, मग दर दोन दिवसांनीं होऊं लागलें. स्वच्छतेचें माप वाढलें, वेळ मात्र वांचला नाहीं. त्यांत पिशवी झटकण्याचें काम नवें पडलें, आणि तें जाहिरातींतील चित्रांत सहसा दिसत नसे. 1920 नंतरच्या काळांत कागदाच्या, वापरून टाकून देण्याच्या पिशव्या प्रचारांत येऊं लागल्या, त्यांचें स्वागत झालें यांत नवल नाहीं. पण दर महिन्याला पिशवीचा खर्च सुरू झाला, आणि तो वांचविण्यासाठीं तीच पिशवी दोनदां तीनदां झटकून वापरण्याची काटकसरहि सुरू झाली. काटकसर पिशवींत होई आणि तिची किंमत मोटार भरी.

महाराष्ट्रांत हें यंत्र उशिरां आलें, आणि त्याचें कारण दारिद्र्य एवढेंच नव्हे. शेणानें सारवलेली जमीन, मग शहाबादी फरशी, मग लाद्या. अशा जमिनीवर गालिच्याचा प्रश्नच नव्हता. सतरंजी किंवा जाजम उचलून गच्चीवर झटकतां येतें. केरसुणीनें भागे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून तिलाच लक्ष्मी मानण्याची चाल मराठी घरांतून आहे. शिंदीच्या पानांची ही लक्ष्मी वळण्याचें काम परंपरेनें मातंग समाजाचें. तिची पूजा घरांत होई आणि तिला घडविणारे हात मात्र गांवानें बाहेर ठेवले होते. असो. केरसुणीचा एक गुण यंत्रांत नाहीं: ती झिजली म्हणजे डोळ्यांना दिसते. यंत्राचा रोग झांकणाखालीं असतो.

1982 सालीं इलेक्ट्रोलक्सच्या सहकार्यानें युरेका फोर्ब्ज ही कंपनी मुंबईस निघाली आणि तिचे गळ्याला टाय बांधलेले विक्रेते घरोघर जाऊन यंत्र दाखवूं लागले. घरांत सोफे आले होते, जाड गाद्या आल्या होत्या, मोटारगाडी आली होती. यंत्राला काम मिळालें. परंतु येथील धुळीची जात निराळी. पावसाळ्यांतील दमट हवेंत ती पिशवीच्या कापडाला लगद्यासारखी चिकटते. रांगोळीची भुकटी, भिंतीच्या चुन्याची किंवा सिमेंटची पूड आणि सांडलेलें पीठ हे पदार्थ गाळणीचे वैरी. दिवाळीपूर्वीं घरास रंग दिल्यावर खाली पडलेली पूड यंत्रानें उचलावी हा मोह ज्यांना आवरत नाहीं, त्यांची गाळणी एका दुपारींत बुजते. उदबत्तीची राख विझली आहे असें वाटतें आणि तींत निखारा असतो. कागदाच्या पिशवींत तो गेल्यास काय होईल हें सांगावयास नको. आणि सांडलेलें पाणी, जर यंत्र त्यासाठीं मुद्दाम बनविलेलें नसेल तर, फडक्यानें पुसावें.

ज्याच्या दम्यापायीं हें यंत्र घरांत आलें, त्या स्पँगलरचा प्रश्न मात्र उशीच्या खोळीनें पुरता सुटला नव्हता. जी धूळ छातींत खोल उतरते ती इतकी सूक्ष्म असते कीं ती कापडांतून पार होते. यंत्र फिरविल्यावर खोलींत जो धुळीचा वास रेंगाळतो तो तिचाच. 1960 नंतरच्या दशकांत हॉलंडमधील संशोधकांनीं दाखविलें कीं घरच्या धुळीनें होणाऱ्या दम्याच्या मुळाशीं पुष्कळदां गादी-गालिच्यांत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. तेव्हां पिशवी बारीक पाहिजे. अणुबाँबच्या कामाच्या वेळीं, 1940 नंतरच्या वर्षांत, अमेरिकेंत किरणोत्सर्गी कण अडविण्यासाठीं जी गाळणी तयार झाली, ती पुढें 'हेपा' या नांवानें या यंत्रांतहि आली. मिलिमीटरच्या दहा हजारांश तीन भागांएवढ्या, म्हणजे सर्वांत कठीण आकाराच्या कणांपैकीं, दहा हजारांतले 9,997 कण तिनें अडवावे अशी अट असते. पण जितकी गाळणी बारीक, तितका हवेला अडथळा अधिक आणि तितकी ती लवकर बुजणारी. घरांत दमेकरी असेल तर पिशवी झटकण्याचें काम त्याच्याकडे देऊं नये आणि तें घराबाहेर, नाकाला फडकें बांधून करावें, हा सल्ला अशी गाळणी असलेल्या यंत्रालाहि लागू आहे.

1978 सालीं इंग्लंडांत जेम्स डायसन नांवाचा एक तरुण संशोधक आपल्या घरांतील यंत्रावर वैतागला होता. पिशवी रिकामी केली, तरी जोर येईना. नवी घातली, तो आला आणि थोड्याच वेळांत गेला. त्यानें पिशवी फाडून पाहिली आणि तिच्या छिद्रांत बसलेल्या बारीक धुळीचा थर त्याला दिसला. वर्षानुवर्षें लाखो लोकांनीं हाच अनुभव घेऊन नवी पिशवी आणली होती. यानें पिशवीवरच संशय घेतला. लाकूड कापण्याच्या गिरण्यांतून भुसा वेगळा करण्यासाठीं मोठीं शंकूच्या आकाराचीं पिंपें असतात. त्यांत हवा भोंवऱ्यासारखी फिरविली जाते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालीं घसरतो आणि हवा वरून निघून जाते. कापड नाहीं, छिद्र नाहीं. ही युक्ति घरगुती यंत्रांत बसविण्यासाठीं त्यानें 5,127 नमुने केले. जुन्या कारखानदारांनीं ती घेतली नाहीं. 1986 सालीं जपानांत त्याच्या युक्तीचें यंत्र विक्रीस आलें, आणि 1993 सालीं स्वतःच्या नांवाचें यंत्र त्यानें इंग्लंडांत काढलें. पिशवी गेली. तथापि भोंवऱ्यांतून निसटणारे अगदीं बारीक कण मोटारीला लागूं नयेत म्हणून एक गाळणी त्यालाहि ठेवावी लागली, आणि ती महिन्या दोन महिन्यांनीं नळाखालीं धुऊन पूर्ण एक दिवस वाळवावी अशी सूचना द्यावी लागली. पुष्कळ लोक ती ओलीच बसवितात, आणि मग यंत्राला कुबट वास कां येतो असें विचारतात.

2002 सालीं अमेरिकेंत 'रूम्बा' नांवाचें, घरभर आपोआप फिरणारें चकतीसारखें यंत्र निघालें. त्याचा डबा लहान, म्हणून तो दररोज रिकामा करावा लागे, आणि लोक विसरत. 2018 सालीं त्याच कारखान्यानें यावर तोड काढली: काम संपलें कीं यंत्र आपल्या ठाण्यावर परत जाई, आणि ठाण्यांत बसविलेलें दुसरें यंत्र त्याच्या डब्यांतील धूळ ओढून घेई. त्या ठाण्याच्या झांकणाखालीं एक पिशवी होती. डबा सुमारें तीस वेळां रिकामा होईपर्यंत ती पुरे, आणि भरली म्हणजे घरांतील कोणीतरी उठून ती बदलीत असे.